जिवावरून ओवाळलेला पोपट

कृष्णनगर, लाहोर
नोव्हेंबरची अखेर

आदरणीय मामूजान यांच्या सेवेत तौकीरचा बिछान्यावरून सलाम.

तुमची साखर, मामीजानचा दमा आणि बहावलपूरच्या अंगणातले तुमचे सगळे पक्षी ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडची खुशाली विचाराल, तर मी जिवंत आहे, आणि किश्वर आपा तुमची भाची असल्यामुळे अजून तरी मी तिला काही केलेलं नाही.

तक्रारीने पत्र सुरू करू नये असं अम्मी शिकवायची. पण अम्मीला कधी पाच महिने पाठीवर पडून राहावं लागलं नव्हतं. तक्रार चहाची आहे. या घरात माझा चहा रोज, दोन्ही वेळा, माझ्या बोटांच्या टोकापासून बरोबर वीतभर पलीकडे ठेवला जातो. इतकी अचूकता चुकून साधत नाही. मी कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवतो. धोरण कशाला म्हणतात ते मला कळतं. कप तिपाईवर वाफाळत असतो, मी त्याच्याकडे पाहत असतो, तो निवत जातो, वर साय धरते, मग त्या सायीवर एक माशी येऊन बसते आणि आमच्या तिघांत सुखी तेवढी तीच. हाक मारली की आपा स्वयंपाकघरातून ओरडते, "वीतभर तर आहे! जरा उठ, पाय टेक, घे!" म्हणजे चहा हा चहा नसून आमिष आहे. माणसाला उंदराच्या पातळीवर आणायचं, आणि वर साखरही कमी घालायची!

मामूजान, जूनमधली हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, पण आपाने कळवलेली. ती असं सांगते की मी आगाऊपणा केला. झालं एवढंच, की वरच्या खिडकीतल्या कूलरची टाकी कोरडी पडली होती, उकाड्याने जीव नकोसा झाला होता, आणि मी बादली घेऊन गॅलरीत स्टुलावर चढलो. स्टूल एकीकडे गेलं, बादली दुसरीकडे, आणि मी अंगणाच्या फरशीवर. (बादलीला पोचाही आला नाही. आपा अजून तीच वापरते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.) मांडीचं हाड दोन ठिकाणी, खुब्याचं एका ठिकाणी. दोन ऑपरेशनं, आत एक सळई आणि मोजायचं मी टाळलेले खिळे. आपाचा आग्रह होता की डॉक्टरच्या नादी न लागता पहिलवानांची हाडं बसवणाऱ्या एका पहिलवानाकडे मला न्यावं. मी म्हटलं, आता आत सळई आहे. तिने त्याला निरोप धाडून विचारलं. त्याचा निरोप आला, सळई काढून आणा, मग बघू.

पुढे माणसं भेटायला येऊ लागली. आजाऱ्याची विचारपूस हे पुण्यकर्म आहे हे मला मान्य आहे. पण ते पुण्य माझ्या पायाशी बसून, माझ्याच पैशाचे सामोसे खात कमवायचं असतं हे मला नवीन होतं. प्रत्येकाच्या ओळखीत मांडी मोडलेला एक जण निघायचा, आणि तो एकतर महिन्याभरात घोडदौड करू लागलेला असायचा किंवा गेलेला. मधला कोणी नाहीच. आमचे शेजारी हाजीसाहेब तर रोज दाराशी उभं राहून विचारायचे, "काय प्रोफेसर, अजून आहात का?" माझ्या चालण्याबद्दल विचारतात की असण्याबद्दल, हे मी कधी स्पष्ट करून घेतलं नाही.

सप्टेंबरात डॉक्टरने एक्स-रेचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "हाड जुळलं, प्रोफेसरसाहेब. हाडाचं काम संपलं, आता तुमचं सुरू." त्याने ॲल्युमिनियमचा एक चौपायी वॉकर पलंगाच्या पायथ्याशी आणून ठेवला. आणि जाताना, आपा ऐकेल एवढ्या आवाजात, म्हणाला की हिवाळा संपायच्या आत उभे राहिला नाहीत तर गुडघा आहे त्याच कोनात कायमचा राहील. मी एकदा उभा राहिलो. दोन्ही हातांनी वॉकर धरला, खाली पाहिलं, आणि मला ती फरशी दिसली. तीच होती असं नाही, अंगणातली निराळी. पण फरशा सगळ्या एकाच घराण्यातल्या असतात, मामूजान, आणि त्या घराण्याशी माझी एकदा गाठ पडलेली आहे. मी बसलो. त्यानंतर मी उभं राहण्याच्या विरोधात होतो असं नाही. तत्त्वतः मी बाजूनेच होतो. फक्त रोज काहीतरी असायचं: आज गारठा आहे, आज जुमा आहे, आज धुरकं इतकं दाटलंय की उभं राहून तरी काय दिसणार.

आणि इथे तुम्ही येता. ऑक्टोबरातल्या तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: 'एक पोपट पाळ, सोबत होते.' मी ती ओळ आपाला वाचून दाखवायला नको होती. माझी नुजहत गेल्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या सोबतीचा प्रश्न आपाने मनातून कधीच सोडलेला नाही. (माझ्यासाठी तिने पाहिलेल्या विधवांची संख्या एखाद्या लहानशा युद्धानंतरची वाटावी.) पोपट म्हटल्यावर तिने नाक मुरडलं, पण दुसऱ्याच दिवशी बाजारातल्या महबूब पक्षीवाल्याला निरोप गेला. मला बाजारात जाता येत नव्हतं, म्हणून उमेदवारच घरी यायचे ठरले. आपाने सवयीने नवा टेबलक्लॉथ घातला, सामोसे तळले आणि ओढणी नीट करून बसली. स्थळ दाखवायचा कार्यक्रम सुरू झाला.

महबूब हा जाड, अत्तर लावलेला, दर वाक्याला खुदाला साक्षीला बोलावणारा गृहस्थ आहे. पहिला पोपट काढत म्हणाला, "खानदानी आहे साहेब. याचा बाप एका जजसाहेबांकडे होता." पोपटाने सलाम केला, माझ्याकडे पाहून "कोण आहे? कोण आहे?" असं विचारलं, आणि सामोसे संपेपर्यंत विचारतच राहिला. मी म्हटलं, हा प्रश्न मला रात्री स्वतःहून पडतो, त्यासाठी पोपट नको. दुसरं म्हणजे छोट्या रंगीत पाखरांची एक जोडी होती. ती दोघं एकमेकांना इतकी चिकटून बसली होती की माझ्याकडे कुणीच पाहिना. विधुराच्या खोलीत हे दृश्य ठेवायचं म्हणजे क्रूरपणा. तिसरा परदेशी करडा पोपट. त्याची किंमत ऐकून आपाने महबूबच्या पुढची बशी उचलून आत नेली.

"साहेबांना नक्की हवंय तरी कसलं?" महबूबने शेवटी विचारलं.

मी म्हटलं, न बोलणारा आहे का?

त्याचा चेहरा पडला. मामूजान, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्याकडे ओली काडेपेटी मागितली. "साहेब, न बोलणारा तो पोपट नव्हे, ती हिरवी कोंबडी!" पिंजरे गोळा करून तो तडक निघून गेला. पण आठवड्याने परत आला, एकच पिंजरा, वर फडकं, आणि ज्याचं लग्न जमत नाही असा थोरला मुलगा दाखवताना बाप जसा बसतो तसा खाली मान घालून बसला. फडकं काढलं. मोठा पहाडी पोपट, खांद्यावर लाल डाग, चोच लालभडक, आणि चेहऱ्यावर असा भाव की परीक्षा त्याचीच आहे हे त्याला मान्य नाही.

"खातो काय?" आपाने विचारलं.

"द्याल ते, आपाजी."

"आणि बोलतो काय?"

"खुदा की कसम, काही नाही. तीन घरांतून परत आलाय."

इतकी खरी शिफारस मी आमच्या कॉलेजात कुणाच्याही नेमणुकीत ऐकलेली नाही. मी तो ठेवून घेतला. "पंख छाटलेत," महबूब मला हळूच म्हणाला, "पिंजरा उघडा ठेवलात तरी जायचा नाही."

पुढचे काही दिवस माझ्या या आजारपणातले त्यातल्या त्यात बरे गेले हे मला कबूल केलं पाहिजे. पोपटाने पिंजऱ्यातून उतरून, चोचीने चादर पकडत, पलंगाच्या कडेने जाऊन वॉकरच्या आडव्या दांडीवर जागा घेतली आणि तिथेच मुक्काम केला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका डोळ्याने माझ्याकडे पाहायचा. (दुसरा डोळा दुसऱ्या बाजूला असल्यामुळे त्याचं मत कळत नसे.) भेटायला आलेली मंडळी त्याच्याशी बोलू पाहत, "मिठू, मिठू बेटा, पोळीची चुरी खाणार?" तो उत्तर देत नसे. माणसांना पोपटाच्या गप्प बसण्याचा माझ्या गप्प बसण्यापेक्षा जास्त अपमान वाटतो. हळूहळू येणं कमी झालं. हाजीसाहेबही एकदा दाराशी उभे राहिले, त्याच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता गेले. खोलीत आम्ही दोघं उरलो. कुणी 'कसं वाटतंय' म्हणून विचारत नव्हतं. मला फार बरं वाटत होतं.

आपाला हे बघवेना. "त्याला तिथून हलव. तुला चालायचंय."

"बसलाय बिचारा."

"बिचारा तो नाही," आपा म्हणाली, "तुला बसायला कारण मिळालंय." पायाकडे बघत असताना ती अशी काही बोलते की माणसाने उत्तर देऊ नये. मी उत्तर दिलं. म्हटलं, एकाला तरी वॉकरचा उपयोग होतोय.

मग आला गुरुवार. आपाने रावीच्या पुलावरून चिमण्यांचा एक पिंजरा आणवला, माझ्या डोक्यावरून ओवाळला आणि छतावर जाऊन त्या सोडल्या. आमच्याकडे जिवावरचं संकट उतरवायला सदका असाच काढतात, तुम्हीही माझ्या गोवराच्या वेळी काढला होतात म्हणे. ती धापा टाकत खाली आली (तिचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत), चेहऱ्यावर समाधान होतं, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, आपा, त्या चिमण्या संध्याकाळच्या आत पुलावर परत जातात. पिंजरेवाल्याने शिकवून ठेवलेल्या असतात. अर्ध्या लाहोरचे आजार त्याच चार-दोन चिमण्यांवर उतरलेत. वर आभाळात त्यांना आता चेहऱ्याने ओळखत असतील. तू सदका दिला नाहीस, भाड्याने घेतलास. मी आणखीही बरंच बोललो. विषय हाती लागला की मला थांबता येत नाही, आणि पाच महिने मला वर्गही मिळालेला नव्हता. आपाने ओढणीने कपाळ पुसलं आणि कणीक मळायला गेली.

पुढच्या गुरुवारी दुपारी मला जाग आली तेव्हा वॉकर रिकामा होता. पिंजराही जागेवर नव्हता. आपा दारात उभी होती, हात एकमेकांत घट्ट धरून.

"झोपला होतास तेव्हाच ओवाळला," ती म्हणाली. "सोडला. हा परत नाही जायचा कुणाकडे. आणि भाड्याचाही नव्हता."

मी म्हटलं, कुठे सोडलास?

"छतावर. पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलाय. हलत नाही."

"आपा, त्याचे पंख छाटलेत! त्याला उडता येत नाही!"

मामूजान, त्या क्षणीचं तिचं तोंड मला आठवायचं नाही. तिला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, महबूबने सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलं नव्हतं, कारण पक्षी म्हणजे उडणारच. खिडकीतून वर थोडंसं आभाळ दिसतं. धुरक्यात घारी फिरत होत्या. लोकांनी सदक्याचं मांस उधळून उधळून या शहरातल्या घारी किती माजल्यात ते मी तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, जा, घेऊन ये त्याला. ती जागची हलली नाही. "आता तो आपला नाही," ती म्हणाली, "तुझ्या जिवावरून काढलाय. परत घेतला तर सगळं तुझ्यावर परत येईल." मी म्हटलं, मग मी आणतो. "तू तर हातही लावायचा नाहीस!" ती किंचाळली. "तौकीर, तुला अम्मीची शपथ!"

मी शपथ ऐकली आणि पाय खाली टाकले. फरशी होती तिथेच होती. वॉकर धरून दारापर्यंत गेलो, दारापासून जिन्यापर्यंत. जिन्यात वॉकर चालत नाही हे तो बनवणाऱ्याला माहीत असतं, फक्त विकत घेणाऱ्याला सांगत नाहीत. तेव्हा मी पहिल्या पायरीवर उलटा बसलो आणि बसल्या बसल्या, हातांवर, कुल्ल्यांनी एकेक पायरी मागे चढत गेलो, मोडका पाय सामानासारखा पुढे ओढत. सरकारी कॉलेजातला सीनियर लेक्चरर आपल्या घराच्या छतावर या पद्धतीने पोचला. आपा खालून येत होती, एका हाताने माझी टाच धरून, दुसऱ्याने कठडा, आणि तोंडाने एकदा कुराणातली आयत, एकदा शिवी.

छतावर मी टाकीच्या नळाला धरून उभा राहिलो. तो वर होता, टाकीच्या कडेवर, पिसं फुगवून. नेहमीसारखं एका डोळ्याने पाहिलं. मी हात वर केला. आजवर त्याने मला आडवंच पाहिलं होतं. उभा तौकीर हा त्याला परका माणूस वाटला असावा. तो घाबरला. छाटलेली पिसं अर्धी आली होती बहुतेक. त्याने टाकी सोडली, हाजीसाहेबांच्या भिंतीवरून कसाबसा पार झाला, आणि खाली खाली होत कबरस्तानाच्या झाडांकडे गेला. उडत होता की पडत होता, ते धुरक्यात दिसलं नाही. घारी तिकडे वळल्या. किंवा त्या रोजच तिकडे वळत असतील.

आपा जिन्याच्या तोंडाशी पोचली होती. तिला तिथून टाकी दिसते, पलीकडचं दिसत नाही.

"उडाला?"

"उडाला."

"चांगला?"

"चांगला," मी म्हटलं.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी उभा होतो. ती तोंडावर ओढणी घेऊन तिथेच मटकन बसली आणि रडू लागली. "सदका कबूल झाला," म्हणाली. "बघ, कबूल झाला." उतरायला आम्हाला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दोघं बसूनच उतरलो, शेजारी शेजारी, एक पायरी मी, एक पायरी ती. माझी मांडी आणि तिचे गुडघे मिळून आमच्यात एक माणूस पुरता धड नव्हता. मधल्या पायरीवर ती थांबली आणि म्हणाली की तुला काय वाटतं, मला तो आवडत नव्हता?

तेव्हापासून मी रोज चालतो. सकाळी अंगण, दुपारी गल्लीच्या तोंडापर्यंत. गुडघा अजून पुरता वाकत नाही आणि आता वाकेल असं डॉक्टरही छातीठोकपणे म्हणत नाही. लोक आपाला मुबारकबाद देतात. सगळी खटपट केली ती मी, पण श्रेय सदक्याचं. खोलीत कुणी नाही. तुम्ही दुसरा पोपट पाठवायची भाषा कराल म्हणून आधीच सांगतो: नको.

मामीजानला सलाम. तुमच्या तब्येतीस जपा. स्टुलावर चढू नका.

तुमचा भाचा,
तौकीर

ता. क. — तुम्ही पाठवलेलं मालिशचं तेल संपलं. वास असा की मेलेला उठून बसेल आणि दुसऱ्या खोलीत जाईल. आणखी एक बाटली पाठवा. माझ्यासाठी नाही, आपाच्या गुडघ्यांना. छतावर जाऊन आल्यापासून तिला रात्र रात्र झोप नाही.

ता. क. दुसरा — खरं तर मी पत्र यासाठी लिहायला घेतलं होतं, पण आपाच्या कागाळ्यांत पानं भरली. तिला तुम्ही स्वतंत्र पत्र लिहा. रोज संध्याकाळी ती मला, वेगळ्या शब्दांत, एकच गोष्ट विचारते: घरात वाढलेला पोपट बाहेर जगतो का? मी जगतो म्हणतो, पण माझ्यावर तिचा विश्वास नाही. मी सगळ्याचीच चेष्टा करतो हे तिला माहीत आहे. तुमचं आयुष्य पक्ष्यांत गेलं, तुमचं ती मानेल. लिहा की अर्धे पंख पुरतात. लिहा की रानातले पोपट अशा नवख्याला सामावून घेतात, तुम्ही बहावलपुरात कितीदा पाहिलंय. तपशील तुम्हीच घाला, तुम्हाला बरे जमतात. खरं काय ते मलाही अंदाजाने माहीत आहे. ते मला लिहू नका.

ता. क. तिसरा — पाकीट बंद करायच्या आधी सांगतो. आज पहिल्यांदा गल्लीचं तोंड ओलांडून भाजीवाल्यापर्यंत गेलो. त्याने खुर्ची दिली, मुबारक म्हणाला, आणि अडखळत म्हणाला की आपाजींच्या नावावर थोडी उधारी आहे, पेरू आणि हिरव्या मिरच्यांची. मी म्हटलं, आमच्याकडे पेरू कोण खातं? तो म्हणाला, पोपट खातो ना, रोज एक नेतात, पिकलेला निवडून. म्हणाल्या, प्रोफेसरसाहेबांना सांगू नका. मी म्हटलं, कधीपर्यंत नेले? तो म्हणाला, आज सकाळीही नेला. पोपट जाऊन बारा दिवस झाले, मामूजान. मी पैसे देऊन टाकले. त्याला म्हटलं, मी आलो होतो हे बोलू नकोस, आणि उद्याचा पेरू जरा चांगला बघून बाजूला ठेव.